दादाच्या गाडीवर माझे प्रताप

जुनी गाडी घरात उघडली की बोल्ट हरवत जातात आणि किस्से जमत जातात. आमच्या पडवीत तर किस्स्यांवर पाय दिल्याशिवाय आत जाता येत नाही! रविवारी चहाला मंडळी बसली की कोणीतरी म्हणतंच, "बाळ्या, तो सांग ना रे." मी सांगतो. सगळे हसतात. मी पण हसतो आणि मान खाली घालून फरशीवरचा ऑइलचा डाग अंगठ्याने घासत बसतो. तो जात नाही.

गाडी नितीनदादाची. दोन सायलेन्सरची जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल, भंगारातून टेम्पोत घालून आणलेली. आल्यापासून कधी चाललीच नाही. दादा ती सुटी करून नव्याने बांधत होता. एका दिवाळीनंतर त्याला ताप आला, आयसीयू झालं आणि संपलं सगळं. तिचा आवाज त्याने एकदाही ऐकला नाही.

तेराव्याला भरल्या घरात मी उठून म्हटलं, "वर्षश्राद्धाच्या आत गाडी चालू करून दाखवतो!"

मी आठवी नापास, फुलांचा टेम्पो चालवतो. वहिनी कोपऱ्यात बसली होती. तिने एवढंच विचारलं, "तुला जमेल?"

"त्यात काय!"

हे माझं 'त्यात काय' एक दिवस मला मारणार आहे.

*

पहिला प्रताप इडलीपात्राचा. दादाने सगळे नट-बोल्ट आईच्या इडलीपात्रात लावून ठेवले होते. वरच्या ताटात इंजिनचे, मधल्यात चाकांचे, खालच्यात हँडलचे. आई महिनोन्‌महिने ओरडत होती, "अरे, माझं भांडं दे!"

मला वाटलं, आधी साफ करून घेऊ. सगळं एका बादलीत ओतलं, वरून रॉकेल सोडलं आणि काठीने ढवळलं.

रॉकी आला. रॉकी म्हणजे दादाचा शाळेपासूनचा दोस्त, शेजारच्या वाडीतला मेकॅनिक. बादलीत बघून म्हणाला, "छान. आता गाडी नको बनवू, मिसळ बनव!"

इडलीपात्र आईला परत मिळालं. तिने ते घासूनपुसून लख्ख केलं. दुसऱ्या दिवशी बघतो तर पडवीत होतं तिथेच आणून ठेवलेलं, रिकामं.

*

मग टाकी. तिच्यावर मळकट राखाडी काहीतरी होतं. दादाचं घासायचं मशीन माळ्यावर सापडलं. जेवणाआधी बसलो आणि टाकी अशी काढली की पत्र्यात तोंड दिसावं!

रॉकीने टाकीवरून हात फिरवला.

"हे कोणी केलं?"

"मीच! जुना रंग होता ना."

"येड्या, तो रंग नव्हता. रंगाखाली द्यायचा नितीनचा प्रायमर होता. ऑफिसमधून आला की विहिरीवर बसून पाणी लावून हाताने घासायचा. डोळे मिटून बोट फिरवायचा, कुठे खड्डा लागतोय का बघायला. मशीन तुला दिलं कोणी?"

"दादाचंच आहे. माळ्यावर होतं."

"म्हणूनच त्याने तुझ्यापासून लपवलेलं!"

खाली पडलेली राखाडी पूड मी झाडून टाकली नाही. कागदात गोळा केली. कशाला, ते विचारू नका.

*

रंग मारला तो काळपट लाल, मरून. दादाने डबा आणून ठेवला होता. स्प्रे गन घेतली आणि उघड्यावर वाडीत उभा राहिलो. वारा समुद्रावरून येत होता, एवढं तरी मला कळायला हवं होतं. मी टाकीवर मारतोय, रंग जातोय रॉकीच्या मम्मीच्या सोनचाफ्यावर!

दुसऱ्या दिवशी तीच फुलं माझ्याच टेम्पोतून मार्केटला गेली. व्यापाऱ्याने पिवळ्या फुलावरचे लाल ठिपके बघितले.

"ही कुठली जात रे? रोपं मिळतील का?"

मी थाप मारली. "भाऊ लावायचा," म्हटलं आणि टेम्पो काढला. पुलापर्यंत मला समोरचा रस्ता नीट दिसत नव्हता.

*

हा किस्सा मी स्वतःहून सांगत नाही, लोक काढतात. शिंदेसाहेब बोळिंजला फ्लॅटमध्ये राहतात, मुंबईत नोकरी. रविवारी दादाबरोबर ग्रीसमध्ये हात घालायला यायचे. इंजिन त्यांनी आणि रॉकीने मिळून बसवलं. मी बघतो, तर किक आहे, गियरचा दांडाच नाही!

डोकं सटकलं. तडक बोळिंजला गेलो आणि सोसायटीच्या गेटवरून ओरडलो, "साहेब, दादा मेला म्हणून सामान पळवता काय?"

बाल्कन्यांत माणसं आली. शिंदेसाहेब बर्मुड्यावरच खाली उतरले. सरळ माझ्या टेम्पोत बसून घरी आले. गाडीपाशी बसले, किकचा दांडा आत ढकलला आणि पुढे फिरवला.

"या गाडीला किक आणि गियर एकच असतो, बाळू."

मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. वर तेच म्हणाले, "चहा टाकायला सांग ना."

*

वर्षश्राद्ध आलं. गाडी दिसायला झक्कास, पण पेटायला तयार नाही. आदल्या दिवशी रॉकीनेही हात टेकले. सकाळी मी ती विहिरीमागे नेऊन लपवली.

भटजींचं आटपलं. कावळ्याचं पान कठड्यावर ठेवलं. माडावर कावळे ओळीने बसलेले, पण खाली एकही येईना.

मामा म्हणाले, "नितीन, तुझ्या बायकोला आम्ही अंतर देणार नाही हो!"

कावळे ढिम्म.

आई म्हणाली, "वालाचं बिरडं वाढा अजून. आवडायचं त्याला."

ढिम्म.

रॉकी हळूच म्हणाला, "गाडी राहिली ना."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मला काय झालं कुणास ठाऊक. "दादा, नाही जमली रे मला!" असं ओरडलो, विहिरीमागे गेलो आणि रागाने एक किक घातली.

पेटली!

या गाडीला पेट्रोलमध्ये ऑइल घालावं लागतं, ते मी सढळ हाताने ओतलं होतं. असा धूर उठला की भटजी खोकत, सोवळं सावरत पडवीत पळाले. माडावरचे सगळे कावळे उडाले ते थेट खाडीपलीकडे!

"बंद कर! अरे, बंद कर ते!" मामा ओरडत होते. "आता फिरकायचा नाही एकही! भावाचं पान वाया घालवलंस, गाढवा!"

कोणाकडे न बघता मी चावीला हात घातला.

धुरातून वहिनी आली आणि तिने माझं मनगट धरलं.

"बाळू," ती म्हणाली, "राहू दे चालू."