बनूबाईची बादली आणि विष्णुपंतांच्या चपला

मालिनीने चालून आलेली बँकेची नोकरी नाकारली, तेव्हा अण्णांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, आठवडाभर तिच्याशी अबोला धरला होता. बरं, बँक सोडून धरलं काय, तर आनंदनगर एमआयडीसीतल्या पत्र्याच्या शेडमधली एक कंपनी, जिचं नाव बदलापुरात कुणी ऐकलेलंसुद्धा नव्हतं. तिथे ती कारखान्यांसाठी बनणाऱ्या कॉम्प्युटरचा कर्नल लिहायची. कर्नल म्हणजे यंत्राचा सगळ्यात आतला प्रोग्रॅम, बाकीच्या प्रोग्रॅमना शिस्त लावणारा. अण्णा शेजाऱ्यांना सांगायचे, "आमची मालू टायपिंग करते." तिने कधी दुरुस्त केलं नाही. कोण समजावत बसणार?

चार वर्षं अशी मजेत गेली. मग १९९४ च्या जानेवारीत एका सोमवारी कंपनीचे मालक हेमचंद्र साहेब यांनी तिला बोलावून घेतलं. एका केमिकल कारखान्याने त्यांचं मशीन घेतलं होतं. मशीनमध्ये तापमानाच्या मर्यादांचं एक कोष्टक. बारा ऑपरेटर बारा पडद्यांवर ते दिवसभर वाचायचे. बदलायचा अधिकार एकट्या सुपरवायझरला. वाचणारे कितीही असोत, एकमेकांना त्यांचा त्रास नाही. पण लिहिणाऱ्याला कोष्टक पूर्ण रिकामं लागतं, नाहीतर कुणीतरी अर्धा जुना, अर्धा नवा आकडा वाचून मोकळा व्हायचा. म्हणून वाचणारे आत असेपर्यंत लिहिणाऱ्याला थांबवणारं कुलूप मालिनीने तिथे घातलं होतं, तेही अगदी बिनचूक. गोची एवढीच की बारांपैकी कुणी ना कुणी सतत आत असायचंच, आणि बिचारा सुपरवायझर एक आकडा बदलायला अकरा मिनिटं ताटकळला होता.

"शनिवारपर्यंत नीट झालं तर ठीक," साहेब म्हणाले. "नाहीतर मशीन परत येणार. मग तुमचं सेक्शन चालवणं मला झेपायचं नाही, मालिनी."

आता बनूबाईबद्दल सांगायलाच हवं. शेड उभी होती तिथेच पूर्वी तिच्या सासऱ्यांची भातशेती होती. त्याच जमिनीवर ती आता कंपनीची फरशी पुसायची. त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. तक्रार होती ती चपलांबद्दल. कॉम्प्युटरच्या खोलीत धूळ नको म्हणून सगळे दारात चपला काढून आत जायचे. बनूबाई चपलांचे जोड मोजायची. एकही जोड उरला नाही की पुसायला घ्यायची. पण तसं होईपर्यंत कुणीतरी "एकच मिनिट, मावशी" म्हणत घुसायचंच. या घुसणाऱ्यांत मालिनीचा पहिला नंबर.

बुधवारी बनूबाईचं डोकं फिरलं. तिने दारात मधोमध बादली ठेवली आणि कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "आतली मानसं भायेर येतील. नवीन कोन आत जायाचा नाय."

पाच मिनिटांत खोली रिकामी. बादलीच्या अलीकडे फ्लॉपी हातात धरून उभ्या असलेल्या मालिनीला आधी लाज वाटली. या बाईला आपण चार वर्षं रोज ताटकळत ठेवलं. आणि मग एकदम डोक्यात उजेड पडला. लिहिणारा आला की बादली ठेवायची. आतले वाचून बाहेर येतील, नवे थांबतील. संध्याकाळपर्यंत तिने ते कर्नलमध्ये लिहूनही टाकलं. ऑफिसातल्या चाचणीच्या मशीनवर आकडा दोन सेकंदांत बदलला. स्वारी घरी गेली ती गुणगुणत.

गुरुवारी तेच चाचणीचं मशीन साफ बंद पडलं. बाराच्या बारा पडदे गारठले. आधी निदान वाचता तरी येत होतं, आता तेही नाही. शुक्रवारी दुपारपर्यंत तिने प्रत्येक ओळ तीनदा तपासली. अण्णा काही बोलणार नाहीत, फक्त बँकेचा नवा फॉर्म टेबलावर आणून ठेवतील, हे तिला दिसत होतं.

उगीच पाय मोकळे करायला ती उठली. प्रिंटरच्या खोलीत विष्णुपंत अनवाणी बसून पेपर वाचत होते. पंत हार्डवेअर बघायचे. रिटायरमेंटला आलेला, अगदी देवमाणूस.

"पंत, इथे कसे?"

"आत काम चाललं होतं. मध्येच एक प्रिंटआउट हवा झाला म्हणून इथे आलो, परत वळतो तर दारात बादली. ती उठली की जाईन. वीस मिनिटं झाली, पण असू दे."

मालिनी कोपरा वळून दाराशी गेली. तिथे बनूबाई चपलांच्या एकुलत्या एका जोडाकडे बघत उभी.

"पुसत का नाही, मावशी?"

"पंत हायेत ना आत. ह्या काय त्यांच्या वहाना. ते भायेर आले का पुसते."

म्हणजे पंत बादली उठायची वाट बघतायत, आणि बादली पंतांची. मालिनीने पंतांना हाताला धरून दाराशी आणलं. बनूबाईने कपाळाला हात लावला. "ज्याच्या वहाना दारात हायेत त्याला बादली कशाला? तो आतलाच. जा बाबा, काम आटपा आनि या."

पुढचं ऐकायला मालिनी थांबलीच नाही. धोक्याची घंटा देणारा प्रोग्रॅम कोष्टक वाचता वाचता मध्येच तेच कोष्टक पुन्हा वाचायला मागायचा. दोन मागण्यांच्या मध्ये बादली आली की झाले त्याचे विष्णुपंत, आणि बादलीमागे बाराही पडदे ताटकळत. तिने कर्नलला प्रत्येकाच्या चपला लक्षात ठेवायला लावल्या: ज्याच्या चपला आधीच दारात आहेत, त्याला बादली नाही. सगळ्या मिळून अकरा ओळी झाल्या.

शनिवारी कारखान्यात सुपरवायझरने बटण दाबलं आणि बाराही पडद्यांवर आकडा बदलला. विश्वास बसेना म्हणून त्याने आणखी चारदा बदलून पाहिला. परतताना हेमचंद्र साहेब एवढंच म्हणाले, "सोमवारी वेळेवर या."

सोमवारी मालिनी पेढे घेऊन आली. पहिला बनूबाईला द्यायचा होता. ती कॉम्प्युटरच्या खोलीत होती, दारात बादली. मालिनीने सवयीने चपला काढल्या, "एकच मिनिट" म्हणायला तोंड उघडलं, आणि उचललेला पाय मागे घेतला.

"काय गो, आज घाई नाय?" आतून बनूबाईने विचारलं.

"नाही, मावशी. तुमचं होऊ दे."

फरशी वाळेपर्यंत ती पेढ्यांचा पुडा धरून बादलीअलीकडे उभी राहिली.