पाणढेकणांचा अर्ज

माझ्या बायकोच्या मामांच्या लेखी जगात दोनच जातीचे जीव होते, खाणारे आणि खाल्ले जाणारे. आणि भाईंदर पूर्वेची आमची अख्खी सोसायटी त्यांनी दुसऱ्या जातीत टाकली होती. नव्वदच्या आसपास खारी गावाला चिकटून आमच्या इमारती उभ्या राहिल्या, तेव्हा मागे एक डबकं उरलं होतं. मामांसमोर डबकं म्हणायची सोय नव्हती. "तळं म्हणा, जावई," ते तिथल्या तिथे सुधारत. किडा म्हटलं तर "कुठला?" म्हणून उलटतपासणी घेत. गिरणी सुटल्यापासून ते आमच्याकडेच राहत; रोज सकाळी आमची चहाची गाळणी उचलून तळ्यावर जात आणि आम्ही पत्तीसकट चहा पीत असू. मेव्हणीला बघायला पाहुणे आले, तेव्हा त्यांनी पोह्यांच्या बशीशेजारी काचेची बरणी आणून ठेवली. आतल्या चतुराच्या अळीने खालचा ओठ सटकन लांब केला आणि बेडकाचं पिल्लू धरलं. "बघताय ना ताई," मामा मुलाच्या आईला कौतुकाने म्हणाले, "एकदा धरलं की सोडत नाय ती." ते स्थळ पुन्हा फिरकलं नाही. पण त्यांचा खरा जीव पाणढेकणावर. शेवाळात दबा धरायचा, सापडेल त्याला मिठी मारायची, आत रस सोडायचा आणि मग निवांत शोषून घ्यायचं, हा त्या चपट्या किड्याचा उद्योग. मला आमचा बिल्डर आठवे. मामांना मात्र उमाळा येई.

पुढे डास वाढले आणि तळं बुजवायचं कमिटीत घाटू लागलं. मामांची झोप उडाली. माझं अक्षर बरं, म्हणून अर्ज लिहायला मला बसवलं. "पाणढेकूण डासांच्या अळ्या खातो, लिवताय ना? तोच आपला वकील." त्यांनी दोन पानं सांगितली, मी कंटाळून दोन ओळींत उरकली. 'तळ्यात असंख्य ढेकूण आहेत. तरी कमिटीने तातडीने लक्ष घालावे.' 'पाण' हा मला मामांचा लाड वाटला होता. त्यांनी विश्वासाने न वाचताच सही ठोकली.

कमिटीने आयुष्यात पहिल्यांदा तातडी दाखवली. "खटमल पानी में भी होता है क्या?" म्हणत सेक्रेटरीने दुसऱ्याच दिवशी तळ्यात रॉकेलचे दोन डबे ओतवले. श्वास घ्यायला वर आलेलं सगळं वरच राहिलं. मामा काठावर उकिडवे बसले होते. तळहातावर एक मेलेला पाणढेकूण, त्याच्या पाठीवर अंडी चिकटलेली. "नर हाय. बापच पोरं वागवतो यांच्यात," एवढंच ते म्हणाले. मला लाज वाटली, पण अर्जातल्या दोन ओळींचं मी लपवलंच.

यथावकाश तळ्यावर नवी विंग उभी राहिली, आणि मामाही गेले. त्यांच्या पुण्यानुमोदनाला आलेला सेक्रेटरी सहज म्हणाला, "तेल डाला उसी दिन आए थे. अर्जी मांगी, पढ़ी और बोले, जमाई ने बराबर लिखा, मेरा ही शब्द गलत था."

त्या दिवसानंतर मामांनी मला कुठल्याच शब्दावरून टोकलं नव्हतं, आणि मूर्खासारखं मला ते बरं वाटत आलं होतं.