नऊ काडतुसांचे शुक्रवार

नागेशने अबू नवाफची नऊ काडतुसं फुकट घालवली, आणि तीही स्वतः एकही गोळी न झाडता.

झालं असं. यान्बूच्या कारखान्यात नागेशचं काम म्हणजे लेझर लावून पंप आणि मोटर एका रेषेत आणणं. त्याचा सौदी फोरमन अबू नवाफ याने जेद्दाहून आपल्या रायफलसाठी लेझर बोअरसायटर आणला. वस्तू पेनाएवढी, नळीच्या तोंडात खोचायची. नळीचा रोख जिकडे, तिकडे तिचा लाल ठिपका पडतो. स्क्रू फिरवून दुर्बिणीतली फुली त्या ठिपक्यावर आणली, की दुर्बीण जुळली. असं दुकानदार म्हणाला होता, दुकानदार म्हणणारच.

"लेझर म्हणजे तुझं खातं," अबू नवाफ अर्ध्या हिंदीत म्हणाला. "शुक्रवारी चल, मुहंदिस."

मुहंदिस म्हणजे इंजिनियर. नागेश चिपळूणच्या आयटीआयचा फिटर. पण तीन वर्षांत कॅम्पच्या फाटकाबाहेर त्याला कुणी 'चल' म्हटलं नव्हतं. त्याचा शुक्रवार म्हणजे सकाळी बादलीभर कपडे, मग कार्ड संपेपर्यंत बायकोशी, स्वप्नालीशी फोन, आणि उरलेला दिवस एसीची घरघर ऐकत पडणं. त्यामुळे 'चल' ऐकल्यावर तो इंजिनियरच काय, डॉक्टर व्हायलाही तयार झाला असता.

वाळवंटात त्याने रायफल बॉनेटवर टेकवली, पंचवीस पावलांवरच्या पुठ्ठ्यावर ठिपका पाडला, फुली त्यावर आणली आणि ऐटीत म्हणाला, "खलास!"

मग शंभर पावलांवर तेलाचा डबा ठेवला. अबू नवाफने एकामागून एक नऊ गोळ्या झाडल्या. डबा जागचा हलला नाही. सोबत आलेला मेहुणा इतका हसला की त्याच्या हातातली कॉफी सांडली. अबू नवाफने मात्र नऊ रिकामी काडतुसं मोजून खिशात टाकली आणि गाडी सुरू केली. नागेशला तेच लागलं.

खोलीत मुस्तफा वाट बघतच होता. दाभोळचा वेल्डर, जिभेलाही वेल्डिंगचीच धग.

"काय मुहंदिस, डब्याची तब्येत कशी आहे?"

"ठणठणीत."

"देव त्याला आयुष्य देवो."

पुढच्या शुक्रवारी गाडी आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. कामावर अबू नवाफ कामापुरतं बोलायचा, आणि मुहंदिस म्हणायचा बंद झाला होता. मुस्तफानेही मग चेष्टा सोडली, तेव्हा नागेशला आणखीच एकटं वाटलं.

तिसऱ्या आठवड्यात एका पंपावर लेझर लावून तो सवयीने हाताने शाफ्ट फिरवत होता. वर, उजवीकडे, खाली, डावीकडे, चार जागी आकडा बघायचा. हात अर्ध्या फेऱ्यात थांबला. शाफ्ट फिरवल्याशिवाय आपण पंपाच्या कागदावर सही करत नाही, आणि तिथे? तिथे ते पेन एकदाच खोचलं आणि खलास म्हणून मोकळे झालो! लोकांत बसायची घाई झाली होती, दुसरं काय?

तो तडक अबू नवाफच्या केबिनमध्ये गेला. "ते यंत्र पाच मिनिटं द्या."

वर्कशॉपमध्ये त्याने ते खाचेच्या लोखंडी ठोकळ्यावर आडवं ठेवलं आणि हळूहळू फिरवलं. समोरच्या भिंतीवर ठिपका एका जागी थांबेना. जेवणाच्या ताटाएवढं वर्तुळ काढून परत आला.

"लेझर आत तिरका बसलाय. ठिपका खरा नाही, या वर्तुळाची मधली जागा खरी."

"म्हणजे दुकानदाराने फसवलं?"

"थोडं त्याने, थोडं मी. न फिरवता सही केली."

अबू नवाफने दाढी खाजवली. "फेकून देऊ?"

"आणलाय तर वापरा. फिरवून मध्य धरला, तर पहिली गोळी कागदावर तरी लागेल, दोन-चार काडतुसं वाचतील. पण शेवटचं जुळवणं गोळ्या झाडूनच. एका रायफलसाठी मी तर घेतला नसता. नळी मागून बंद करणारा बोल्ट काढून तिथून डोळ्याने बघितलं, तरी एवढं जमतं."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

नागेश खाली बघत म्हणाला, "सांगितलं असतं तर तुम्ही मला कशाला नेलं असतं? तुमची नऊ काडतुसं मी भरून देतो."

"इकामावाल्या परदेशी कामगाराला काडतूस कोण विकणार?" अबू नवाफ पहिल्यांदा हसला. "नऊ शुक्रवार दे. एका काडतुसाला एक. यल्ला, चल, मुहंदिस."

त्या शुक्रवारी पहिली गोळी पुठ्ठ्यावर लागली, मध्यापासून चार बोटं डावीकडे. दोनदा स्क्रू फिरवला. चौथ्या गोळीला डबा खणकन उडाला, आणि नागेश स्वतःच नेम मारल्यासारखा ओरडला. पुढे पुढे रायफल गाडीतच राहायची. दोघं सावलीला बसून खजूर खायचे. अबू नवाफची मुलं जेद्दात शिकायची, वाळवंट त्यांना आवडत नसे. नागेश वाशिष्ठीतल्या गळाच्या गोष्टी सांगायचा, त्यातले मासे दर शुक्रवारी थोडे मोठे व्हायचे.

सहा शुक्रवार झाले. मग अबू नवाफची बदली जुबैलला झाली, देशाच्या दुसऱ्या किनाऱ्यावर. फाटकाशी गाडी थांबवून त्याने तीन बोटं दाखवली. "तीन राहिले."

"जुबैल किती लांब?" मुस्तफाने विचारलं.

"तेराशे किलोमीटरच्या वर."

"मग वसुलीला कोण येतंय? सुटलास."

पण शुक्रवारचे कपडे नागेश आता दुपारनंतरच भिजत घालतो. सकाळ मोकळी ठेवतो. तीन द्यायचे आहेत अजून.