टोपी लई कडक झाली

परवा अप्पा नांदेडला आले ते उघड्या डोक्यानं. एसटीतून उतरले, रुमालानं टक्कल पुसलं आणि हातातली पिशवी माझ्याकडे दिली. आत त्यांची हॅट होती.

अप्पा म्हणजे माझे वडील. रेणापूरला राहतात, रिटायर्ड मास्तर. पहिल्या पगारात घेतलेली ही तपकिरी फेल्टची हॅट त्यांनी आयुष्यभर जपली. जयंतीची मिरवणूक असो नाहीतर कुणाचं लग्न, अप्पांचा कोट आणि हॅट ठरलेली.

आता खरं सांगते... या हॅटपायी मी सहा महिने माझ्या धाकट्या बहिणीवर जळत होते. सुजाता लातूरला असते, रेणापूर तिला अर्ध्या तासावर. अप्पांच्या गोळ्या तिला पाठ, चष्म्याचा नंबर पाठ. मी महिन्यातून एकदा काहीतरी घेऊन जाणार आणि अप्पा म्हणणार, "कशाला आणलं, सुजानं आणून ठेवलंय की." चिवडासुद्धा तिनं आधीच आणलेला असतो.

उन्हाळ्यात हॅटच्या कडा लोंबायला लागल्या. सुजाता ती घरी घेऊन गेली आणि आठ दिवसांनी परत दिली. अप्पांनी फॅमिली ग्रुपवर एकच ओळ टाकली, "सुजानं टोपी नीट केली. लई कडक झाली."

झालं. अंगठे काय, टाळ्या काय, आगीचे इमोजी काय... माझा मुलगा नव्या बुटाला कडक म्हणतो, मॅचमधल्या सिक्सरला कडक म्हणतो, त्यानं तर तीनदा लिहिलं. मीपण अंगठा दाबला आणि दोन दिवस तोंड फुगवून फिरले. माझ्याबद्दल अप्पांनी ग्रुपवर कधी अर्धी ओळ लिहिली नव्हती.

तर परवा मी विचारलं, "अप्पा, एवढी कडक हॅट, मग पिशवीत का?"

"कडक झाली म्हणूनच की," अप्पा म्हणाले. "कपाळाला रुतून राहिली. म्या ग्रुपवर गाऱ्हाणं सांगितलं, अन् तुमी समदे टाळ्या वाजवून राहिले."

मला इतका आनंद झाला की काय सांगू... लिहायला लाज वाटते, पण झाला. वर अप्पा म्हणाले, "सुजाला सांगू नको. लई मेहनत केलती लेकरानं." म्हणजे इथेही तिचीच काळजी.

हॅटवर टिचकी मारली तर पुठ्ठ्यासारखी वाजली. उजेडात धरली तर शिवणीत पांढरी पांढरी खपली... कांजी. बाईनं लोकरीच्या हॅटला साडीसारखी कांजी केली होती. तिच्या कॉटनच्या साड्या आमच्या सगळ्या नात्यात फेमस आहेत, म्हणून काय हॅटला पण?

रविवारी निलंग्याला लग्न होतं आणि अप्पांना हॅट घालून जायचं होतं. मी पदर खोचला. एकदा तरी माझ्या हातचं त्यांच्या डोक्यावर बसू दे.

आतली चामड्याची पट्टी उलटी केली. तिच्यामागे कागदाची बारीक घडी होती, वर चिकटपट्टी. हा आणखी काय कचरा, म्हणत डब्यात टाकली.

कोमट पाण्यात फडकं पिळून हॅट पुसली, फडकं पांढरं व्हायचं थांबेपर्यंत. मग किटली ठेवली आणि वीतभर अंतरावरून वाफ दिली, हॅट सारखी फिरवत. हळूहळू ती हाताला घोंगडीसारखी लागायला लागली. वरची खाच बोटांनी दाबून घेतली, कडा पुढून जरा खाली वळवल्या.

वाळवताना आकार राहावा म्हणून पातेलं शोधत होते, तर अप्पा म्हणाले, "पातेलं कशाला, डोकं हाय की." ओलसर असताना घातली तर हॅट डोक्याचा आकार धरते म्हणे.

मी घातली त्यांच्या डोक्यावर... आणि ती थेट भुवयांवर उतरली.

अप्पा खालून हसले. "आतली घडी काढली का? अगं, डोकं बारीक झालंय माझं. सुजानं दोरा लावून माप घेतलं होतं."

सुजातानं अप्पांच्या डोक्याचं माप घेतलं होतं. मी दर महिन्याला जाते, पाया पडते, समोर बसून जेवते, आणि अप्पा एवढे वाळलेत हे मला दिसलं नव्हतं. सहा महिने जळले ते काहीच नाही, खरी जळले ते त्या मिनिटाला.

डब्यातून घडी काढली. चहाच्या चोथ्यात पडली होती. पुसली, परत पट्टीमागे बसवली. आता हॅट बरोबर बसली, कपाळाला रुतेना की खाली घसरेना.

हॅट वाळेपर्यंत तासभर अप्पा माझ्यासमोर खुर्चीत बसले होते. मी मेथी निवडत होते, पण बघत त्यांच्याकडेच होते. गाल बसलेत. कॉलर सैल झालीय.

लग्नात अप्पांनी स्वतःच सुजाताला कांजीचं सांगून टाकलं, म्हणून हे लिहितेय. ग्रुपवरही टाकलं, "टोपी आता नरम झाली." त्यावर सगळ्यांचे रडके चेहरे... काय झालं अप्पा, तब्येत बरी आहे ना.

सुजातानं मला मांडवाच्या कोपऱ्यात गाठलं. "ताई, आतली घडी काढली नाहीस ना गं?"

"छे," मी म्हटलं. "मी कशाला काढू?"

सुजा, तू हे वाचशीलच. काढली होती गं. चहाचा डाग आहे तिच्यावर, बघशील तेव्हा दिसेल. जळते मी तुझ्यावर, अजूनही जळते. पण पुढच्या वेळी अप्पांचं माप घेशील तेव्हा मला बोलाव... दोऱ्याचं एक टोक मी धरते.