आदल्या दिवशी छापलेला निषेध

तो मंगळवार मी विसरलेलो नाही, आणि विसरायची इच्छाही नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत दगड अंगावर घेतले. पण निवृत्तीनंतर कुणी ‘एखादी केस सांगा की साहेब’ म्हटलं, की माझ्या तोंडी येतो तो एक साधा शाईफेकीचा गुन्हा. नाव कुणाचंच सांगणार नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील, ज्यांना टोचायचं त्यांना टोचेल.

मी तेव्हा पुणे शहराच्या कडेच्या एका पोलीस ठाण्यात वरिष्ठ निरीक्षक होतो. हद्दीत एक नगरपरिषद होती. जिथं ज्वारी व्हायची तिथं बारा मजली सोसायट्या उभ्या राहिलेल्या. तिथले नगराध्यक्ष तेच आमच्या भागाचे आमदार. लोक त्यांना नाना म्हणत. त्यांच्या नावामागे ‘आमदार तथा नगराध्यक्ष’ असं लिहिलं नाही, तर कार्यकर्त्यांना जेवण गोड लागत नसे.

नानांना वर चढताना मी स्वतः पाहिलं होतं. मी नवा फौजदार असताना ते पाण्याचा टँकर चालवायचे. हंडे घेऊन उभ्या असलेल्या बायकांशी नीट बोलणारा तेवढा एकच टँकरवाला, म्हणून माझ्या लक्षात राहिले. पुढं सरपंच झाले आणि गावात खरोखर नळ आणले. हे कबूल केलंच पाहिजे. ग्रामपंचायतीची नगरपरिषद झाली तेव्हा नगराध्यक्ष झाले, आणि काही वर्षांनी आमदार. सगळ्यांना वाटलं, आता एक पद सोडतील. छे! कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘लोकांनी दोन्हीकडं निवडून दिलंय. मी कुणाचा अपमान करू?’ मग त्यांच्याच पक्षात कुजबुज सुरू झाली, विरोधकांनी ‘एक खुर्ची सोडा’ म्हणून सह्यांची मोहीम काढली, आणि नानांभोवतीची हवा पहिल्यांदाच बदलली.

अशा दिवसांत तो मंगळवार आला. नव्या पाण्याच्या टाकीचं उद्घाटन होतं. बंदोबस्त माझाच. पावणेबाराच्या सुमाराला नाना भाषण करून व्यासपीठावरून खाली उतरले. तीसेक वर्षांची एक बाई हातात कागद घेऊन पुढं आली आणि मोठ्यानं म्हणाली, ‘नाना, ही दोन्ही पत्रं वाचा. दोन्हींवर सही तुमचीच आहे.’ नाना कागदाकडे हात करतात न करतात, तोच गर्दीतून काळी शाई आली, तोंड माखलं आणि त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याचं वाटोळं झालं. एकच गलका उठला. कार्यकर्त्यांनी त्या बाईला धरलं. माझ्या महिला अंमलदार मध्ये पडल्या नसत्या, तर तिला जिवंत ठाण्यात आणता आलं असतं की नाही, सांगता येत नाही.

अर्ध्या तासात ठाण्यापुढं दोनशे माणसं घोषणा देत होती. नाना तोंड न धुता आले. कॅमेऱ्यांपुढं तसंच तोंड घेऊन उभं राहायचं होतं, मग धुतील कशाला? त्यांच्या स्वीय सहायकानं फिर्याद दिली, सहा साक्षीदार ओळीनं उभे राहिले, सरकारी कामात अडथळा आणि मारहाणीची कलमं लागली. मीच लावली. सूर्यास्ताच्या आत नोटीस देऊन तिला घरी सोडलं.

तिचं म्हणणं साधं होतं. त्यांच्या वस्तीतल्या बुद्धविहारालगतची खोली मुलांना अभ्यासिका म्हणून हवी होती. नगरपरिषदेनं लेखी कळवलं, आमदारांची शिफारस आणा. आमदार कार्यालयानं लेखी कळवलं, विषय नगरपरिषदेचा आहे, तिकडे जा. दोन्हीकडे सही करणारा माणूस एकच! खोलीला कुलूप तसंच. ‘मी एवढंच विचारायला गेले होते, साहेब,’ ती म्हणाली. रडली नाही. वडील नगरपरिषदेच्या सफाई खात्यातून निवृत्त झालेले मुकादम, ते बाहेरच्या बाकावर टोपी मांडीवर ठेवून बसले होते. कुणाला काही विचारत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्याच्या गोपनीय शाखेचा हवालदार एक कागद घेऊन आला. ‘साहेब, हिचाच आहे बघा. चारित्र्य पडताळणीला आलाय.’ बाई स्पर्धा परीक्षेतून सरकारी खात्यात अभियंता म्हणून निवडली गेली होती. महिन्याच्या आत रुजू व्हायचं, आणि त्याआधी आमच्या ठाण्याचा शेरा हवा. गुन्हा दाखल आहे असं मी लिहिलं, की सहा वर्षांचा अभ्यास आणि मुकादमाचं आयुष्यभराचं झाडणं मातीत गेलं. न लिहून चालत नव्हतं, कारण गुन्हा दाखल होता. माझ्याच सहीनं.

मी पुन्हा जबाब काढून बसलो. आता पाणी कुठं मुरतंय ते दिसायला लागलं. सहाही साक्षीदारांनी ‘सदर महिलेने डाव्या हाताने ओढणी सावरत उजव्या हाताने शाई फेकली’ हे वाक्य जसंच्या तसं सांगितलेलं. अहो, एका घरातली दोन माणसं सकाळचा चहा सारखा सांगत नाहीत! खरे साक्षीदार भांडतात, चुकतात, एकमेकांना खोडतात. शिवाय जप्त केलेल्या तिच्या ओढणीवर शाईचे थेंब होते ते पाठीच्या बाजूला. तळहात कोरडे, हे मी स्वतः पंचनाम्यात लिहिलं होतं. लिहिलं होतं आणि पुढं गेलो होतो. मोबाईलवरची चित्रणं ढीगभर होती, पण सगळ्यांचे कॅमेरे नानांवर. शाई येताना दिसे, टाकणारा हात दिसत नसे.

खबर आली ती वाहतूक शाखेच्या एका पोरगेल्या शिपायाकडून, आणि त्याला आपण खबर देतोय हे माहीतही नव्हतं. तो तक्रार घेऊन आला होता, ‘साहेब, चौकात मोठा फ्लेक्स लावलाय, सिग्नल झाकला गेलाय. मी मंगळवारीच फोटो काढून पाठवला होता, कुणी हलवेना.’ फोटो पाहिला. दहा बाय पंधरा फुटांचा फ्लेक्स. ‘आमचे लाडके आमदार तथा नगराध्यक्ष यांच्यावरील भ्याड हल्ल्याचा जाहीर निषेध’. खाली कार्यकर्त्यांचे फोटो. मी एकेक मोजले, चौतीस भरले. फोटो काढल्याची वेळ बारा वाजून पाच मिनिटं.

शाई पडली पावणेबाराला. वीस मिनिटांत फ्लेक्स छापून, चौकटीवर ताणून, तीन किलोमीटरवरच्या चौकात उभा? आणि चौतीस फोटो! या धंद्यातल्या माणसांशी तीस वर्षं माझा संबंध आला. कुणाचा फोटो कुणाच्या वर, कुणाचा केवढा, यावरून यांच्यात दोन दिवस भांडणं चालतात. वीस मिनिटांत पहिली ओळसुद्धा ठरत नाही. मी हवालदाराला म्हटलं, ‘गाडी काढा.’

फ्लेक्सच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापणाऱ्याचा पत्ता होता, कसबा पेठेतला. गावातले छापवाले सगळे एकमेकांचे पाहुणे, तिथं बातमी फुटली असती, म्हणून शहाण्यांनी काम शहरात दिलेलं. गाडी बाहेर ठेवून आम्ही बोळातून चालत गेलो. दुकानदार साठीचे, चष्मा कपाळावर.

‘बसा. कशाचा करायचाय?’

‘करायचा नाही, केलेला बघायचाय.’ मी फोटो पुढं केला.

‘आमचाच आहे. का, शुद्धलेखन चुकलंय? तीनदा प्रूफ पाठवलं होतं त्यांना.’

‘छापायला कधी दिला?’

‘सोमवारी दुपारी. मंगळवारी सकाळी आठला दुकान उघडलं, तर नेणारे दारातच उभे.’

‘अहो, हल्ला मंगळवारी पावणेबाराला झाला!’

त्यांनी चष्मा खाली घेतला आणि माझ्याकडे शांतपणे पाहिलं. ‘मी त्यांना विचारलं होतं, हल्ला कुठं झाला म्हणून. म्हणाले, उद्या कळेल. आमच्याकडे वाढदिवसाचेसुद्धा आदल्या दिवशीच छापतात. मी म्हटलं, असेल नवी पद्धत.’

हवालदार तोंड फिरवून हसला. मला हसू आलं नाही, संताप आला. पंच बोलावले, संगणकातली फाईल, प्रूफचे निरोप, ते ज्या नंबरवरून आले तो नंबर, सगळं रीतसर ताब्यात घेतलं. नंबर नानांच्या युवक संघटनेच्या अध्यक्षाचा निघाला.

अध्यक्ष म्हणजे जुन्या गावातल्या शेतकऱ्याचा मुलगा. जमीन बिल्डरला गेलेली, गळ्यात साखळी, दोन मोबाईल. वकिलाला घेऊन आला आणि तासभर ‘मला काय म्हाईत न्हाई’ एवढंच म्हणत राहिला. दमदाटी करून अशी माणसं उघडत नाहीत, त्यांना ती सवयीची असते. मी फ्लेक्सचा फोटो टेबलावर पसरला.

‘यात तू कुठं आहेस रे?’

त्यानं बोट ठेवलं. शेवटची ओळ, डावा कोपरा, सुपारीएवढा फोटो.

‘अध्यक्ष ना तू? मग असा तळाला?’

बस्स. त्याचे कान तापले. ‘तेच तर म्हणतोय मी! वर कोण हाय बघा. नानांचा मेव्हणा. आजवर सभेला एक खुर्ची उचलली न्हाई त्यानं. आन् शाई आणली मी, बाटली फोडली मी, त्या बाईच्या मागं जीव मुठीत धरून हुभा बी मीच…’

वकिलानं डोक्याला हात लावला. 

‘नानांना माहीत होतं?’ मी विचारलं.

‘डोळ्यात शाई जाऊ नये म्हणून चष्मा घालतो, म्हणले नाना.’

पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही, म्हणून जागेवर सापडलेल्या शाईच्या बाटलीवरचे ठसे जुळवून घेतले. जुळले. चष्म्याचं तेवढं हवेत राहिलं. दुसऱ्या दिवशी त्यानं ते नाकारलं, आणि नानांपर्यंत पोचणारा एकही कागद मला मिळाला नाही. याची चुटपुट आजही आहे, लपवत नाही.

त्याच दुपारी नानांनी मला नगरपरिषदेत बोलावलं. चहा आला. ‘साहेब, पोरांनी प्रेमापोटी आगाऊपणा केला. त्या मुलीचं वाईट व्हावं असं मला कधीच वाटलं नाही. मी तिला जाहीर माफ करतो. मोठा कार्यक्रम घेऊ, मी स्वतः तिला पेढा भरवतो.’

‘माफ कशाबद्दल, नाना?’

‘आता तुम्ही शब्दात नका पकडू.’

संध्याकाळी वरून फोन आला. तपास बंद करताना आम्ही कोर्टाला समरी अहवाल पाठवतो. तक्रार खोटी आणि खोडसाळ असेल तर ‘ब’, गैरसमजातून झाली असेल तर ‘क’. फोनवर सुचवण्यात आलं, ‘क’ पाठवा, सगळ्यांचीच सोय होईल.

मोह झाला. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती, मुलीचं लग्न ठरत होतं, बदली कुणाला हवी असते? ‘क’ पाठवला असता तरी बाई सुटलीच असती, असं मी मनाला समजावत होतो. म्हणून तिला आणि मुकादमांना बोलावलं आणि माफीचा प्रस्ताव जसाच्या तसा सांगितला.

मुकादम पहिल्यांदाच बोलले. ‘घे बाई मिटवून. नोकरी महत्त्वाची.’

ती त्यांच्याकडे वळली. ‘बाबा, माफी घेतली म्हणजे शाई मी टाकली असं होतं. उद्या ऑफिसात कुणीही म्हणेल, हिला नानांनी सोडली म्हणून ही इथं बसलीय. मला माफी नको. मी केलंच नाही, एवढं लिहून द्या.’

मुकादमांनी टोपी डोक्यावर घातली. ‘मग तसंच लिवा साहेब,’ म्हणाले.

मी तसंच लिहिलं. ‘ब’ समरी. फिर्याद खोटी असून सदर महिलेचा घटनेशी काडीचाही संबंध नाही. ‘काडीचाही’ हा शब्द सरकारी नाही, लेखनिकानं तो खोडायला घेतला होता. मी खोडू दिला नाही. युवक अध्यक्षावर आणि खोटी फिर्याद देणाऱ्या स्वीय सहायकावर वेगळी कारवाई प्रस्तावित केली. कोर्टात रोज माणूस पाठवून पाठपुरावा केला. अहवाल मंजूर झाला तेव्हा तिच्या रुजू होण्याला चार दिवस उरले होते. पडताळणीचा शेरा मी स्वतःच्या हातानं लिहिला, आणि त्याच आठवड्यात माझ्या बदलीचा आदेश आला. प्रशिक्षण केंद्र. दिवसभर कवायत बघायची. बायको म्हणाली, ‘बरं झालं, घरी वेळेवर याल.’

नानांचं म्हणाल तर पक्षानं त्यांना नगराध्यक्षपद सोडायला लावलं. कारण दिलं प्रकृतीचं. आमदारकी राहिली. टँकरवर बायकांशी नीट बोलणारा तो माणूस मला खरंच आवडायचा, म्हणून त्यांचा राग जास्त आला. दोन खुर्च्यांवर बसून बसून त्यांना समोर उभी असलेली बाई दिसेनाशी झाली होती. खुर्ची डगमगायला लागली तेव्हा सहानुभूतीसाठी हल्ला हवा होता, हल्लेखोर म्हणून कुणीतरी सापडायला हवं होतं, आणि नेमकी ती कागद घेऊन पुढं आली; एवढ्यावर त्यांनी तिचं आयुष्य पणाला लावलं.

ही गोष्ट मी नानांना नावं ठेवून संपवली असती, तर मला बरं वाटलं असतं. पण पडताळणीचा कागद न्यायला ती आली, त्या दिवशी काय झालं ते सांगितलं नाही, तर मीही सहा साक्षीदारांतलाच एक ठरेन.

मी जरा खुशीत होतो. चहा मागवला. म्हटलं, ‘बघ, सत्य बाहेर आलंच की नाही?’

तिनं कागद नीट घडी करून पिशवीत ठेवला. ‘तुमचे उपकार आहेत, साहेब. पण एक सांगू? त्या दिवशी तुम्ही मला पहिला प्रश्न विचारलात, कुणाच्या सांगण्यावरून टाकलीस? मी टाकली का, हे मात्र कुणीच विचारलं नाही. तुम्हीसुद्धा.’

तिचं खरं होतं. त्या मंगळवारी बाहेर दोनशे माणसं ओरडत होती, आमदारांच्या तोंडावर शाई होती, आणि माझा निकाल चौकशीआधीच लागला होता. त्या फ्लेक्सवाल्यांनी निषेध आदल्या दिवशी छापला, आणि मी गुन्हेगार पहिल्या पाच मिनिटांत ठरवला. फरक एवढाच की माझ्याकडे ती चूक निस्तरायला वेळ उरला होता. प्रत्येक वेळी तो उरतोच असं नाही. माझ्या आधीच्या तीस वर्षांत किती जणांना मी तोच प्रश्न विचारला असेल, आणि त्यांच्यापैकी किती जणांना सोडवायला सिग्नल झाकणारा असा फ्लेक्स कुणी लावलाच नसेल, याचा हिशेब मला आजही लागत नाही.