आरशावरची चादर

शिलाई मशीनच्या तेलाचा वास आला की जव्हारच्या टेलरचाचांचं दुकान आठवतं. आतल्या खोलीत त्यांच्या मुलाचा कॉम्प्युटर होता, त्यावर आम्ही दोघं लढाईचा गेम खेळायचो. ‘दोन खेळाडू’ हा पर्याय निवडायचा, सैन्य वाटून घ्यायचं आणि एकाची खेळी चालू असताना दुसऱ्याने पाठ फिरवायची. तरी मी रणगाडे कुठल्या डोंगराआड लपवले, ते त्याला दर वेळी कळायचं. पाठ फिरवून समोरच्या आरशात बघतो लेकाचा, या संशयाने एकदा मी आरशावर चादरच टाकली. पुन्हा हरलो. तो हसत म्हणाला, "अरे, खेळताना तू तुमच्या गावच्या बोलीत पुटपुटतोस. दुकानात येणारी निम्मी माणसं तेच बोलतात, मला कळणार नाही होय?" आता एटीएमसमोर पिन दाबतानाही मी आधी ओठ घट्ट मिटून घेतो.