जीपच्या नंबरातला विद्वान

सरळ प्रश्नाला एकदाही सरळ उत्तर न देता पस्तीस वर्षं सुखानं जगलेला साऱ्या हिंगोली जिल्ह्यातला एकमेव इसम म्हणजे माझा मावसभाऊ. चहा घेतोस का विचारलं तरी "याला दोन बाजू आहेत" अशी सुरुवात. दुसरी बाजू येईस्तोवर चहाचं सरबत. सार्वजनिक धोरण या विषयात त्यानं पीएच.डी. केली आणि त्यासाठी निवडलं काय, तर आमच्या गोरेगावच्या स्टँडावरच्या जीपा! कोणती जीप आधी भरायची हे ठरवणारे नंबरवाले काका आहेत, त्यांच्या बाकड्यावर हा दोन वर्षं वही घेऊन बसला. सरकारी कागद नाही, पोलीस नाही, तरी नंबर कुणी मोडत कसा नाही, हे म्हणे त्याला शोधायचं होतं. गावात प्रत्येकाला त्यानं चाळीस प्रश्न विचारले. मला तर माझ्या झेरॉक्सच्या दुकानात येऊन दोनदा, कारण पहिल्या खेपेला मी उत्तरं "घाईत" दिली होती. एकटी मावशी तेवढी सुटली. "साऱ्या गावाला इचारून राहिला, मायला इचाराया टाइम न्हाई," असं ती भाकरी थापताना म्हणायची. ह्याचं डोकं तेव्हाही वहीत.

मग दूरच्या एका लिबरल आर्ट्स कॉलेजची पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप निघाली. दोन वर्षं पगारी संशोधन. "शिकून झाल्यावर पुन्हा शिकायचा पगार?" मावशीला हे काही पटेना. पण पीएच.डी.नंतर पाच वर्षांच्या आतच अर्ज चालत होता आणि याचं पाचवं सरत आलं होतं. "ही गेली तर मी संपलो," तो मला म्हणाला. त्याच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं सरळ वाक्य. त्यावरूनच कळलं, गडी पार घाबरलाय.

अडलं तिसऱ्या शिफारसपत्रावर. दोन प्राध्यापकांनी पाठवली, तिसरे लेकाकडं परदेशी गेलेले, फोन उचलेनात. मुदत उद्याची. हे ऐकून मावशी तडक उठली, एका पुढाऱ्याच्या दारात दोन तास उभी राहिली आणि लेटरहेडवर पत्र घेऊन आली: सदर अर्जदार माझ्या परिचयाचे असून त्यांचे चारित्र्य चांगले आहे.

"आई, हे मला ओळखत नाहीत गं!"

"ते कोणाला ओळखतेत? शिक्का तर हाय ना!"

पत्र हवं होतं काम जवळून पाहिलेल्या माणसाचं. मी नंबरवाल्या काकांना दुकानात बसवलं, त्यांच्या नावानं ईमेल काढला आणि ते बोलले तसं टाईप केलं. "हे पोरगं दोन वर्षं माह्या बाजूला बसलं. लिहिलेलं मला वाचून दाखवायचं. मी न्हाई म्हणलं की खोडायचं. हिंगोलीला जायाचं असलं तरी कधी नंबर मोडून बसलं न्हाई."

मुलाखतीत तिथल्या बाईंनी म्हणे हेच पत्र मोठ्यानं वाचलं. फेलोशिप मिळाली. मावशीनं गावभर पेढे वाटले आणि घरी येऊन रडली.

निघायच्या दिवशी जीप भरेना. एक सीट कमी. काका म्हणाले, "जाऊ दे रे आज, तसंच सोडतो." पण आमचा विद्वान काही ऐकेना. "नियम म्हणजे नियम, काका." पुढची रेल्वेगाडी चुकायची वेळ आली, तरी हा हलेना. तेव्हा मावशीनं पदर खोचला आणि त्या रिकाम्या जागी जाऊन बसली. "मी येते सेनगावपर्यंत. चल, भरली तुही जीप."

दुपारच्या जीपनं ती परत आली आणि माझ्या दुकानाच्या पायरीवर टेकली. मी पाणी दिलं. काय म्हणाला, विचारलं.

"वही काढली त्यानं," ती म्हणाली. "शाळा काहून सुटली, लग्नाच्या टायमाला मनात काय होतं, समदं इचारलं. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा."

"मग? झाले का चाळीस प्रश्न?"

"कुठले रे! बाराव्यालाच सेनगाव आलं."